रेकॉर्डचं दुकान, काउंटरपलीकडचा माणूस आणि पाकिटामागची नावं

धागाकर्ता: खर्जातला सा

मंडळी,

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. त्याआधी २०१३ मध्ये कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या म्युझिक वर्ल्डने शटर ओढलं. पुण्यात, नाशकात, नागपुरात, तालुक्याच्या गावी कॅसेट-सीडीची दुकानं एकेक करत मोबाइलची कव्हरं विकू लागली. त्यावर हळहळून झालंय सगळ्यांचं. मला त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, कारण तिची भरपाई अजून कुठेच झालेली नाही असं माझं ठाम मत आहे. दुकानात गाण्याबरोबर गाण्याची माहिती मिळायची. थोडी काउंटरपलीकडच्या माणसाकडून, थोडी पाकिटाच्या मागच्या बाजूवरून.

आधी माणूस. कर्वे रोडवरचं अलूरकर म्युझिक हाऊस पुण्यात शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना सांगायला नको. सुरेश अलूरकर स्वतः जाणकार. दुर्मीळ मैफलींची ध्वनिमुद्रणं मिळवून त्यांनी कॅसेटी काढल्या. अशा जाणत्या माणसांच्या दुकानात ‘मारवा आहे का?’ असं एखाद्या रागाचं नाव घेऊन विचारलं की उलट प्रश्न यायचा, ‘कुणाचा हवाय?’ आपण गप्प झालो की ‘आधी कुणाचा ऐकलाय?’ मग दोन-तीन कॅसेटी पुढ्यात यायच्या आणि त्यातली एखादी लावून ऐकवली जायची. मी कॉलेजात होतो. खिशात एका कॅसेटीपुरते पैसे असायचे आणि ते समोरच्यालाही कळत असायचं, तरी घाई नसायची. पुढच्या खेपेला गेलं की ‘काय, कसा वाटला मारवा?’ अशी चौकशी व्हायची. ग्वाल्हेर आणि जयपूर या घराण्यांच्या गायकीतला फरक मला पुस्तकात वाचण्याआधी काउंटरशी उभं राहून कळला.

ॲपसुद्धा सुचवतं, मान्य. पण का सुचवलं ते सांगत नाही. आणि ‘हे आत्ता नका घेऊ, वर्षभराने घ्या’ असं तर ते कधीच म्हणणार नाही. मला असं सांगितलं गेलं होतं, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या अनवट रागांच्या एका कॅसेटीबद्दल. दुकानदार हातातलं गिऱ्हाईक परत पाठवत होता, कारण मी त्या गाण्याला कंटाळून ते कायमचं सोडून देऊ नये असं त्याला वाटत होतं. वर्षभराने ती कॅसेट घेतली. आजही ऐकतो.

दुसरं, पाकीट. शास्त्रीयच्या एलपीमागे (एलपी म्हणजे लाँग प्ले, मोठी रेकॉर्ड) राग, ताल, तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, सारंगीला कोण, कधी तानपुऱ्यावरची नावंसुद्धा, आणि एखाद्या जाणकाराचं टिपण. भावगीतांच्या कॅसेटीत घडीचा कागद: गीतकार, संगीतकार, गायक. आता ॲप उघडा. गायकाचं नाव, एक रंगीत चौकोन आणि एक वर्ष. ते वर्षही बऱ्याचदा डिजिटल प्रकाशनाचं असतं, म्हणून साठच्या दशकातल्या एलपीखाली २००५ दिसतं. तबलजी गायब, सारंगिये गायब. मराठी गाण्याखाली कवीचं नाव सापडलं तर नशीब. ज्यांनी जन्मभर साथसंगत केली त्यांची नावं आपल्या डोळ्यांदेखत पुसली जातायत, आणि मला हे भयंकर वाटतं.

तुमच्याकडचं दुकान कुठलं, तिथे कोण बसायचं, काय बोलायचं, ते लिहा. जुन्या पाकिटांवर काय छापलेलं असायचं तेही लिहा.

———

प्रतिसाद: दादर पश्चिम

ऱ्हिदम हाऊसबद्दल लिहायलाच हवं. जुन्या काळी तिथे रेकॉर्ड ऐकून बघायला छोट्या केबिन होत्या, हे मी वडिलांकडून ऐकलंय. आमच्या वेळी हेडफोन लावून सीडी ऐकता यायची. शनिवारचा ठरलेला बेत असायचा: जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं बघायची, तिथल्याच सामोवार कॅफेत चहा, आणि मग रस्ता ओलांडून ऱ्हिदम हाऊस. कार्यक्रमांची तिकिटंही तिथेच मिळायची. त्यामुळे नुसतं काउंटरवर उभं राहिलं तरी शहरात या महिन्यात कोण गाणार, कोण वाजवणार हे कळायचं. सामोवार २०१५ मध्ये गेलं, वर्षाच्या आत ऱ्हिदम हाऊस. माझा शनिवारच गेला.

इंग्रजी कॅसेट शंभराच्या पुढेमागे आणि हिंदी त्याच्या निम्म्याहून कमी, असा हिशोब असायचा. त्यामुळे आम्ही चौघे मित्र वर्गणी काढायचो. कॅसेट कुणाकडे राहणार यावरून भांडणं व्हायची, पण कागदावरचे शब्द वाचत चौघांनी मिळून ऐकायचं हे ठरलेलं होतं.

———

प्रतिसाद: सूरपेटी

तबलजींच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. मी हार्मोनियम वाजवते. आमची नावं तर एलपीच्या काळातही शेवटी आणि बारीक अक्षरात यायची, पण यायची.

———

प्रतिसाद: मिरजेची तार

सुंदर धागा. थोडी भर घालतो.

आमच्या आजोबांना रेकॉर्डचं वेड. त्यांच्या तोंडी गाण्याचं नाव कमी आणि नंबर जास्त असायचा. एचएमव्हीच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीला ‘एन’ आणि पुढे आकडा, कोलंबियाला ‘जीई’. पुढे एलपी आल्या तेव्हा शास्त्रीयला ‘ईएएलपी’. दुकानदारही नंबरावर बोलायचा. कंपनीची नव्या रेकॉर्डची पत्रकं यायची, ती आजोबांनी दोऱ्यात ओवून ठेवली होती. आज त्या पत्रकांवरूनच कुठली रेकॉर्ड केव्हा बाजारात आली ते ठरवता येतं.

पण खर्जातला सा, एक गोष्ट लक्षात घ्या. ७८ च्या तबकडीवर साथीदारांची नावं क्वचितच असत. मधल्या गोल कागदावर गायकाचं नाव, राग किंवा गाण्याचे पहिले शब्द, नाटक असेल तर नाटकाचं नाव. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं आणि माहितीही तेवढीच आटोपशीर. अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डांवर तर कलाकार शेवटी स्वतःच आपलं नाव सांगतात. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, त्यात गाणं संपताना ती इंग्रजीत ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणते. त्या मूळ तबकड्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ही युक्ती. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदाला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या.

म्हणजे साथीदारांची नावं छापायची रीत रुळली ती एलपीमुळे, आणि ती जेमतेम दोन पिढ्या टिकली. एवढ्याशा काळात जे छापलं गेलं तेच आपल्या हातात आहे. म्हणून पाकिटं फेकू नका, एवढंच कळकळीनं सांगणं.

मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात जुन्या तबकड्यांच्या याद्या, गायक-गायिकांची माहिती, कंपन्यांचा इतिहास असं प्रचंड काम केलंय. ज्यांना या विषयात खोल शिरायचंय त्यांनी ते अंक जरूर शोधावेत.

———

प्रतिसाद: माळावरचा

धागा चांगलाय, पण मला वेगळं सांगायचंय.

आम्ही बीड जिल्ह्यातले. आमच्याकडे काउंटरपलीकडे घराण्यांबद्दल बोलणारा माणूस नव्हता, आणि काउंटरही नव्हता. आठवडी बाजारात एक पाल असायचं. बॅटरीवर टेप चालू, दोरीला कॅसेटींची रांग टांगलेली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, भीमगीतं, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, लावण्या, तमाशाचे वग. त्याच्या आधीच्या काळात गावात रेकॉर्डी असायच्या त्या फक्त लाउडस्पीकरवाल्याकडे. लग्न, जत्रा, बारसं, निवडणूक, काहीही असो, तो भोंगा झाडावर बांधायचा आणि सबंध गाव एकच रेकॉर्ड ऐकायचं. आमच्या पंचक्रोशीत नवं गाणं कुठलं आलं हे त्याच्यामुळे कळायचं. तुमच्या पुण्या-मुंबईच्या आठवणींत हा माणूस कधी येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

कॉलेजला शहरात आलो तेव्हा एका मोठ्या शोरूममध्ये गेलो आणि भीमगीतांची कॅसेट मागितली. ‘ते आमच्याकडे नसतं’ असं उत्तर मिळालं. शब्द साधेच होते, पण ज्या सुरात मिळालं तो सूर अजून कानात आहे. परत तिथे पाऊल टाकलं नाही. आमचं दुकान म्हणजे ६ डिसेंबरची चैत्यभूमी आणि दसऱ्याची नागपूरची दीक्षाभूमी. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी कॅसेटींचे स्टॉल. लोक वर्षाची गाणी एकदम घेऊन जायचे. पुढे सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड.

आता नावांबद्दल. आमच्या कॅसेटींच्या कागदावर पुष्कळदा गायकाचा फोटो आणि कंपनीचा पत्ता यापलीकडे काही नसायचं. पण आमच्या कवींना ते ठाऊक असावं. वामनदादा कर्डकांनी स्वतःचं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यातच गुंफलं. ‘वामन’ आलं की कळतं गाणं कुणाचं. तुकोबांनी तेच केलं, नामदेवांनी तेच केलं. कागद हरवला, कॅसेट तुटली, ॲपने नाव गाळलं, तरी गाणारा ते कडवं म्हणेपर्यंत कवी पुसला जात नाही.

आणि ॲप-यूट्यूबमुळे मला काय मिळालं तेही सांगतो. आमच्या जिल्ह्यातल्या ज्या शाहिरांच्या कॅसेटी छापल्याही गेल्या असतील दोन-चारशे, त्या कुणीतरी घरातल्या टेपवरून चढवल्यात. खाली लोक लिहितात, हे माझे आजोबा, हे ढोलकीवाले आमच्या गावचे. ही माहिती कुठल्या पाकिटावर कधी नव्हती.

———

प्रतिसाद: खर्जातला सा

माळावरचा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचून धागा काढल्याचं चीज झालं.

बाजारातलं पाल हे दुकानच, आणि भोंगेवाला तर सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक. चारचौघांसाठी रेकॉर्ड निवडून विकत घेणारा माणूस म्हणजे त्या गावाचा संगीत संपादकच होता. ज्या शोरूममध्ये तुम्हाला तसं उत्तर मिळालं तिथे गाणं विकलं जात होतं, पण तिथल्या माणसाला गाण्याबद्दल आस्था नव्हती. आस्था असलेला विक्रेता ‘आमच्याकडे नाही, पण अमुक ठिकाणी बघा’ म्हणतो.

वामनदादांच्या नाममुद्रेचा मुद्दा फार मोलाचा आहे. तबलजींना मात्र ही सोय नाही. ठेक्यात नाव गुंफता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी कागदच हवा.

———

प्रतिसाद: एडिसनकर

अमेरिकेतून लिहितोय. न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानांत डाळ-तांदळाच्या पलीकडे कॅसेटींचं कपाट असायचं. मराठी कॅसेटी हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, बहुतेक हिंदी आणि गुजराती. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला यादी जायची. बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी कॅसेटी, आणि दोन्हींपैकी काय फुटेल याची धास्ती.

पण परदेशातल्या देशी दुकानाची खरी थोर गोष्ट गायिका केसरबाई केरकरांची आहे. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर या अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवायचं ठरलं. त्या तबकडीवर भारतातून केसरबाईंची भैरवी घ्यावी, असं रॉबर्ट ब्राउन या संगीतअभ्यासकांनी सुचवलं. ती तबकडी तयार करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या गटाने रेकॉर्ड शोधायला घेतली तर ती बाजारात मिळेना. गटातल्या ॲन ड्रुयान यांनी न्यूयॉर्क पालथं घातलं. शेवटी लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, त्या रेकॉर्डच्या न उघडलेल्या प्रती निघाल्या. मिक्सर-इस्त्र्यांच्या दुकानात! ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन्ही यानं उडाली आणि त्याच सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या.

कुणीतरी कधीतरी भारतातून त्या रेकॉर्डी मागवल्या होत्या, विकल्या गेल्या नाहीत म्हणून फेकल्या नव्हत्या. दुकान असण्याचा हाच फायदा. खप नाही म्हणून वस्तू त्याच दिवशी नाहीशी होत नाही. ॲपवरचं गाणं करार संपला की रातोरात जातं. माझ्या यादीतली कितीतरी गाणी राखाडी होऊन पडली आहेत, आणि का गेली हे विचारायला समोर कुणी नाही.

———

प्रतिसाद: मांडवीकाठ

केसरबाई आमच्या केरीच्या! पणजीत दर वर्षी कला अकादमीचा त्यांच्या नावाचा समारोह होतो.

गोव्यात दोन जगं शेजारी शेजारी होती. एकीकडे भजनं, नाट्यगीतं. दुसरीकडे कोंकणी गाणी, गायिका लॉर्ना आणि संगीतकार क्रिस पेरी यांच्या एचएमव्हीच्या छोट्या रेकॉर्डी, आणि तियात्रांतल्या (कोंकणी नाटकांतल्या) कांतारांच्या, म्हणजे गाण्यांच्या, कॅसेटी. आमच्या घरी आई देवघरात अभंग लावायची आणि शेजारच्या घरातून ट्रम्पेट यायचं. दुकानात मात्र दोन्ही एकाच फळीवर. हिंदू घरातली पोरं लॉर्ना ऐकायची ती त्या फळीमुळे. आता प्रत्येकाचा फोन प्रत्येकाला त्याचंच ऐकवतो.

———

प्रतिसाद: सी-नव्वद

माझ्या काकांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं, सातारा जिल्ह्यात. या जमातीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचं. काही जण कोरी कॅसेट स्वतःची आणायचे, काही जण काकांकडूनच घ्यायचे. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० म्हणजे पंचेचाळीस. सी-१२० काका ठेवतच नसत, कारण तिची फीत पातळ, टेपमध्ये गुंतायची. मग काकांचा हिशोब सुरू. प्रत्येक गाण्याची लांबी त्यांना तोंडपाठ. पंचेचाळीस मिनिटांत अशी बसवायची की शेवटचं गाणं मध्येच तुटू नये आणि शेवटी फीत कोरीही राहू नये. क्रमही ते स्वतः लावायचे. यादीत लागोपाठ चार विरहगीतं असली तर मध्ये एखादं हलकंफुलकं घालायचे. गिऱ्हाईकाने विचारलं तर म्हणायचे, ‘पाहुणे आले की कळेल तुम्हाला का घातलं ते.’

काका नवीन रेकॉर्डी पुण्याहून आणायचे, कारण भरायची तर मूळ प्रत चांगली हवी. आतल्या कागदावर गाणं, गायक, संगीतकार, कवी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहायचे. माहिती नसेल तर जागा मोकळी सोडायचे आणि कुणी जाणकार आला की विचारून भरायचे.

१९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यातल्या शिक्षा कडक झाल्या. त्याच सुमारास स्वस्त तयार कॅसेटींची लाट आली. भरून घेण्यापेक्षा नवी कॅसेट परवडू लागली. काकांनी पुढे फोटोकॉपीचं यंत्र टाकलं. कलाकारांना त्या भरलेल्या कॅसेटींचा पैसा मिळत नव्हता हे खरंच आहे, आणि ते योग्य नव्हतं असंच मला वाटतं. पण ज्या गावात कंपनीचा माल पोचतच नव्हता तिथे बालगंधर्व आणि हिराबाई पोचवले ते अशा माणसांनी.

२००८-१० च्या सुमारास मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून द्यायला लागले तेव्हा मी बघायला गेलो होतो. पोरगा एक फोल्डर उचलून अख्खाच्या अख्खा कार्डात टाकत होता. यादी नाही, क्रम नाही, नावं नाहीत. काका असते तर त्यांनी त्या पोराला शेजारी बसवून घेतलं असतं.

———

प्रतिसाद: सूरपेटी

तुमचे काका ग्रेट. मोकळी सोडलेली जागा हे वाचून फार बरं वाटलं. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

———

प्रतिसाद: पुस्तकी किडा

स्वस्त कॅसेटींच्या लाटेबद्दल एक गोष्ट नोंदवतो. मूळ गाणं दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेऊन विकणं हे त्या काळात सरसकट चालायचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच त्याला वाट होती: सूचना आणि ठरलेलं मानधन देऊन दुसरं ध्वनिमुद्रण काढता यायचं. २०१२ च्या दुरुस्तीत त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबण्याची अट आली.

लहानपणी घरी आणलेली कॅसेट लावली आणि पहिल्याच ओळीला आजी म्हणाली, ‘हा आवाज तो नव्हे.’ पाकिटावर सिनेमाचं नाव मोठं, गायिकेचं नाव दुसरंच आणि मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणजे पाकीट नेहमी खरं बोलायचं असं नाही. पण छापलेलं होतं म्हणून भिंग लावून तरी वाचता आलं, आणि दुकानदाराकडे जाऊन बदलून मागता आलं. त्याने बदलून दिलीही.

———

प्रतिसाद: पाऊसवेळ

मी तुमच्या सगळ्यांहून बरीच लहान आहे. दुकानं बघितली नाहीत, तरी गेली काही वर्षं एलपी घेते. माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबमध्ये जाते, चोरबाजारात मटण स्ट्रीटला जाते. चोरबाजारात पाकीट एकाचं आणि आत रेकॉर्ड दुसऱ्याचीच असं सारखं होतं, म्हणून घेण्याआधी मधला कागद वाचायचा आणि रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून चरे बघायचे, हे तिथल्याच एका म्हाताऱ्या दुकानदाराने शिकवलं. म्हणजे काउंटरपलीकडचा माणूस पूर्ण संपलेला नाही हो, शोधावा लागतो.

नावांबद्दल माझंही हेच दुःख. मराठी गाण्यांसाठी मी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ उघडून ठेवते आणि शेजारी ॲपवर गाणं लावते. तिथे गीत, संगीत, स्वर, कुठे कुठे रागसुद्धा दिलेला असतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांचे उपकार आहेत. शास्त्रीयसाठी तेवढ्या नीटसपणे साथीदारांची नावं देणारं काही आहे का?

———

प्रतिसाद: मिरजेची तार

पाऊसवेळ, एका जागी सगळं असं माझ्या पाहण्यात नाही. यूट्यूबवर काही संग्राहक रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रं टाकतात, ती सगळ्यांत भरवशाची. बाकी आपल्या घरातली पाकिटं आपणच उजेडात आणायची.

———

प्रतिसाद: माळावरचा

मग एक विचारतो. वडिलांची कॅसेटींची पेटी माझ्याकडे आहे. बहुतेक भीमगीतं, काही वग, काही घरीच टेप केलेले शाहिरांचे कार्यक्रम. काहींवर पांढरी बुरशी आलीय, काही वाजताना आवाज दबका येतो. हे संगणकावर घ्यायचं तर काय करू? आणि पेटीत आजोबांच्या दोन ७८ च्या रेकॉर्डीही आहेत.

———

प्रतिसाद: ओहमचा नियम

माळावरचा, काम सावकाश करायचं आहे, घाई नको.

बुरशी आलेली कॅसेट तशीच टेपमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटींना. अशा कॅसेटी बाजूला ठेवा आणि शेवटी घ्या. आधी चांगल्यांपासून सुरुवात. टेपचं हेड आणि रबरी रोलर साफ करायचे: हेडला कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, रोलरला शक्यतो साधं ओलं कापड. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात.

आवाज दबका येण्याची दोन कारणं असतात. फितीच्या मागे धातूच्या पातळ पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडला की फीत हेडला टेकत नाही. चार-पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून फितीची दोन्ही चाकं दुसऱ्या चांगल्या सांगाड्यात बसवायची. चिकटवलेली बंद कॅसेट असेल तर कडेने हलक्या हाताने उघडावी लागते. दुसरं कारण हेडचा कोन. हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबायचं. घरी टेप केलेल्या कॅसेटींना हे हमखास लागतं.

टेपच्या लाइन आउटमधून संगणकात घ्या, हेडफोनच्या भोकातून शक्यतो नको. ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जात, वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारच्या फाइलीत साठवा. मूळ प्रत एमपीथ्री करू नका. खरखर काढायची असेल तर दुसऱ्या प्रतीवर काढा, मूळ प्रत आहे तशी ठेवा. आज खरखर वाटते त्यात ढोलकीची थापही असते.

७८ च्या रेकॉर्डी अल्कोहोलने मुळीच पुसू नका. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीच्या सुईवरही वाजवू नका. ७८ ची खाच रुंद, तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई लागते. मिरजेची तार यांच्याकडे सोय असावी असा अंदाज आहे.

———

प्रतिसाद: मिरजेची तार

आहे. माळावरचा, रेकॉर्डी पोस्टाने पाठवू नका, फुटतात. मिरजेला याल तेव्हा घेऊन या, उभ्या ठेवून, मध्ये जाड पुठ्ठा घालून. तोवर दोन्हींच्या मधल्या कागदाचा फोटो इथे टाका, नंबर वाचता येईल असा.

———

प्रतिसाद: माळावरचा

फोटो उद्या टाकतो. एक शेवटचं. घरी टेप केलेल्या कार्यक्रमांवर काहीच लिहिलेलं नाही. शेवटचं कडवं ऐकून कवी कळतो, ढोलकीवाल्याचं नाव मात्र आईला आठवतं, तेही आडनावाशिवाय. फाइलमध्ये हे कसं लिहायचं?

———

प्रतिसाद: खर्जातला सा

जसं कळलं तसंच लिहा. कवीच्या रकान्यात नाव, आणि टिप्पणीत ‘शेवटच्या कडव्यातील नाममुद्रेवरून’. ढोलकीवाल्याचं जेवढं नाव आईंना आठवतं तेवढंच घ्या, पुढे ‘आईच्या सांगण्यावरून’ आणि गावाचं नाव. आडनावाची जागा सी-नव्वद यांच्या काकांसारखी मोकळी सोडा. कुठल्या कॅसेटीवरून घेतलं, कॅसेट कुठल्या कंपनीची, कोणत्या सालच्या सुमाराची, हेही टाका. आणि आईंशी बोलताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, नावं बोलता बोलता आठवतात.

पेटीतल्या पहिल्या कॅसेटीची माहिती इथे टाकलीत तर त्याच नमुन्यावर आपण सगळेच आपापल्या घरच्या कॅसेटी नोंदवू. मी माझ्या कपाटातल्या एलपींच्या मागच्या बाजूंचे फोटो या रविवारपासून टाकायला घेतो, मन्सूरांपासून.